पाण्याला गेलेली पोरं

कदम गुरुजी. माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं की मी हेच नाव घेतो. आई-वडिलांना त्याचं वाईट वाटत नाही, कारण तेही हेच नाव घेतात. माण तालुक्यातल्या आमच्या गावात चौथीपर्यंतची शाळा होती. एक खोली, एक पडवी आणि चारही वर्गांना मिळून एकच गुरुजी. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. मी पदवीधर झालो, शिक्षक झालो, आज कोपरखैरण्यातल्या महापालिकेच्या एका शाळेत चौथीला शिकवतो, ते गुरुजींमुळे. हे वाक्य मी इतक्या वेळा बोललो आहे की ते नदीतल्या गोट्यासारखं गुळगुळीत झालं आहे. गेल्या ऑक्टोबरपासून मात्र ते बोलताना मी मधेच थांबतो.

परवा शाळेत पुन्हा प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे आले. वर्षातून दोनदा येतात, ऑक्टोबरात आणि एप्रिलमध्ये. प्लॅस्टिकच्या पट्टीने आवळलेले, वर वर्ग आणि विषय छापलेला. आमच्यासारख्या राज्यभरच्या शाळांतल्या चौथीच्या मुलांना एकच पेपर, एकाच दिवशी. कोयनेच्या काठावरचं पोर असो की आमच्या खाडीकाठचं, प्रश्न तोच. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, गठ्ठे कपाटात ठेवतात, किल्ली पर्समध्ये टाकतात आणि मग दिवसभर ती पर्स काखेतून काढत नाहीत. चहा पितानाही नाही.

कपाट उघडलं की छपाईच्या शाईचा वास येतो. त्या वासाने माझा हात अजून खिशातल्या पेनाकडे जातो. मी परीक्षा द्यायचं सोडून किती वर्षं झाली, पण हाताला ते कुणी सांगितलेलं नाही.

चाचणीच्या दिवसांत शाळेची हवाच बदलते. मुलं तशीच असतात. खोडरबर हरवतात, टोक करायच्या निमित्ताने कचऱ्याच्या डब्यापाशी गप्पा मारतात. बदलतो आम्ही. एरवी एकमेकांच्या डब्यातली भाजी न विचारता उचलणारे शिक्षक या दिवसांत एकमेकांचे आकडे तिरक्या नजरेने बघतात. कुठल्या तरी शाळेची तिसरी एकदम वर गेली, अशी बातमी येते आणि शिक्षकांच्या खोलीत कुणी तरी म्हणतं, "एवढी कशी काय वर गेली?" दुसरं म्हणतं, "बदाम वाटले असतील." सगळे हसतात. हसताना प्रत्येक जण मनात हिशेब करत असतो, की आपल्याबद्दल हे लोक काय म्हणत असतील.

या संशयाचा मलाही फार सराव होता. सगळ्यात जास्त संशय मला म्हात्रे मॅडमचा येई.

म्हात्रे मॅडम चौथी 'ब'ला शिकवतात. चौथी 'अ' माझी. त्या इथल्याच, मूळ गावातल्या. सेक्टर पडायच्या आधी इथे भातखाचरं होती, त्यातली काही त्यांच्या सासऱ्यांची. पहिल्या दिवशी मी जिना घाईने चढत होतो, तर वरून आवाज आला, "सर, जरा हळू. माझ्या सासऱ्याच्या शेतावर तुमची शाळा उभी हाय." मला वाटलं त्या रागावल्या. त्या हसत होत्या. मी गंभीर माणूस. कुणी मोठ्याने हसलं की मला आधी वाटतं, हा काही तरी लपवतोय.

त्यांचा वर्ग कधी शिस्तीत दिसला नाही. मुलं बाकाखाली, बाई खिडकीत, फळ्यावर निम्मं गणित. आणि तरी आकडे बरे. फार चांगले नाहीत, पण त्या गोंधळाच्या मानाने बरे. माझा वर्ग सरळ रांगेत बसणारा. आम्ही वर्गाबरोबर वर जातो, म्हणून तिसरीपासून तीच मुलं माझ्याकडे होती, आणि दर चाचणीत माझी सरासरी त्यांच्यापेक्षा वर असायची. गेल्या ऑक्टोबरात तर आमची 'अ' तुकडी आजूबाजूच्या सगळ्या शाळांत पहिली आली. मोठ्या बाईंनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो, "हे श्रेय कदम गुरुजींचं आहे." बहुतेकांना गुरुजी कोण ते आता पाठ झालं आहे.

बाहेर पडताना म्हात्रे मॅडम माझ्या कानाशी म्हणाल्या, "तुमचा वर्ग परीक्षेच्या दिवशी लय हुशार होतो हां, सर."

मी घरी येईपर्यंत ते वाक्य चघळत राहिलो. परीक्षेच्या दिवशी म्हणजे? एरवी नाही? ऑक्टोबरची ती उकाड्याची संध्याकाळ मला आठवते. ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडला होता आणि त्याचा वास थेट आमच्या गॅलरीपर्यंत येत होता. बायको म्हणाली, "पहिला नंबर आला तरी तोंड असं का?" मी म्हटलं, "जळतात लोक."

पण ते जळणं नव्हतं हे मला तेव्हाही कळत असावं. जळणारा माणूस इतक्या सहज बोलत नाही.

इथे मला गुरुजींची ती गोष्ट सांगितली पाहिजे. ती मी दर चाचणीच्या आदल्या दिवशी वर्गाला सांगत आलो आहे, मुलांची भीती जावी म्हणून.

मी चौथीत होतो. तालुक्याहून साहेब तपासणीला यायचे होते. गुरुजी पांढरी टोपी धुऊन घेऊन आले होते आणि शाळेतच तांब्यात निखारे घालून तिला इस्त्री करत होते. शेणाने सारवलेली पडवी अजून ओली होती. सकाळी चार पोरं घागरी घेऊन विहिरीवर गेली. विहीर ओढ्यापलीकडे, जाऊन-येऊन तासभर सहज जाणार. चौघांत सर्जेराव होता, माझ्या शेजारी बसणारा. अंगाने दांडगा, पण अक्षर दिसलं की डोळे बारीक करणारा. पोरं ओढ्यात उतरली आणि इकडे साहेबांची जीप आली. साहेबांनी पाढे विचारले. आले. नकाशा विचारला. आला. धडा वाचायला लावला. मी उभा राहून घडाघडा वाचला. साहेबांनी माझं नाव विचारलं आणि गुरुजींना म्हणाले, "हे पोरगं इथं ठेवू नका. तालुक्याला बोर्डिंगात घाला." त्या एका वाक्यावर माझं पुढचं सगळं उभं आहे. जीप गेली, धुरळा बसला, आणि मग चौघं डोक्यावर घागरी घेऊन, चिंब भिजून आली. साहेब गेले आणि पाणी आलं.

इथे मुलं नेहमी हसतात. आणि मी हसत हसत म्हणायचो, "म्हणून अभ्यास करा. ज्याला येत नाही त्याला पाण्याला जावं लागतं, म्हणजे साहेबांसमोर वर्ग चांगला दिसतो."

मला ही गोष्ट कृतज्ञतेची वाटे. गुरुजी किती हुशार, किती व्यवहारी. एका खोलीत चार वर्ग सांभाळणाऱ्या माणसाला असं काही तरी करावंच लागणार. आपल्या वर्गाची लाज राखली, माझं भलं केलं, आणि चौघांनाही साहेबांपुढे माना खाली घालाव्या लागल्या नाहीत. कुणाचं काय बिघडलं?

तर गेल्या ऑक्टोबरात मी म्हात्रे मॅडमच्या मागे लागलो. चाचणीनंतर एकमेकांच्या वर्गातले पाच-पाच पेपर पुन्हा तपासायची आमच्याकडे रीत आहे. मी म्हटलं, "मॅडम, मला सगळा गठ्ठा द्या, निवांत बघतो." त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि गठ्ठा पुढे सरकवला. "बघा. भिंग आनू का?"

मी खरोखर भिंग घेतल्यासारखाच बसलो. खोडलेली उत्तरं मी उजेडापुढे धरून पाहिली. एकाच वळणाचं अक्षर दोन पेपरांवर दिसतं का, ते पाहिलं. बाईंनी फळ्यावर उत्तर लिहून दिलं असेल तर एकच चूक दहा जणांनी केलेली सापडते, तीही शोधली. काही सापडलं नाही. चुका होत्या, भरपूर होत्या, पण ज्याची त्याची वेगळी. एका मुलाने कंपासपेटीच्या गणितात उत्तर म्हणून कंपासपेटीच काढली होती, कप्प्यांसकट. गठ्ठ्याच्या तळाशी एक पेपर होता, त्यावर फक्त नाव. पुढची पानं कोरी. वर लाल शाईत शून्य, आणि शून्याखाली मॅडमच्या अक्षरात बारीक लिहिलेलं: 'आला. बसला. नाव लिहिलं.'

तो पेपर मी बराच वेळ हातात धरून बसलो. असा पेपर माझ्या गठ्ठ्यात कधीच नव्हता. मला त्याचा अभिमान होता. त्या दुपारी पहिल्यांदा वाटलं, का नव्हता?

मग मी दोन्ही वर्गांचे तक्ते शेजारी ठेवले. 'ब': पट पस्तीस, उपस्थित पस्तीस. 'अ': पट छत्तीस, उपस्थित तेहतीस. गैरहजर मुलाच्या नावापुढे आम्ही 'गै' लिहितो. गुण आधी पेन्सिलने भरायचे आणि मोठ्या बाईंनी बघितल्यावर शाईने, असा आमचा शिरस्ता आहे. 'गै' मात्र आम्ही थेट शाईनेच लिहितो, कारण त्यात बदलायचं काय? आणि 'गै' सरासरीत धरत नाहीत. मी मागची पानं उलटली. एप्रिल. त्याच्या आधीचा ऑक्टोबर. एक नाव प्रत्येक पानावर 'गै' होतं. तनुजा. चाचणीच्या आदल्या दिवशी हजर, नंतरच्या दिवशी हजर.

मी तिन्ही पानं पुन्हा एकदा उलटून पाहिली.

यात नुसता माझ्या आकड्यांचा प्रश्न नव्हता. चाचणी झाली की ज्यांना गुण कमी पडले त्यांची यादी निघते, आणि त्या मुलांना शाळा सुटायच्या आधी रोज एक जादा तास मिळतो. वाचायला, लिहायला, हातात हात धरून शिकवायला. 'ब'मधलं ते शून्याचं पोर त्या तासाला बसत होतं. तनुजाला शून्यही नव्हतं. ज्याला गुणच नाहीत तो यादीत कसा येणार? तिसरी गेली, चौथी निम्मी सरली. अजून एक एप्रिल असाच गेला असता तर ती पाचवीत गेली असती, आणि पाचवीत भूगोल, विज्ञान वाचून समजून घ्यायचं असतं, वाचायला कुणी शिकवत नाही.

तिला वाचता येत नाही हे मला माहीत नव्हतं का? हा प्रश्न मी स्वतःला टाळून टाळून विचारला आहे. ती शेवटून दुसऱ्या बाकावर बसे. अक्षर सुबक, कारण फळ्यावरचं चित्रासारखं उतरवून काढी. मी वाचायला सांगितलं की शेजारची पुटपुटे आणि ही मोठ्याने म्हणे. मला ऐकू येत नव्हतं असं मी म्हणतो. चाचणीच्या सकाळी ती जागा रिकामी दिसली तेव्हा मी 'गै' लिहिलं आणि पुढे गेलो. ते लिहिताना माझ्या छातीत काही तरी सैल झालं होतं का? मला तसा संशय आहे. या सगळ्यात सगळ्यात पक्का संशय तोच.

म्हात्रे मॅडमना मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"दोन वर्षं बघते ना," त्या म्हणाल्या. "मला वाटलं तुमीच घरी ठेवता. ठेवतात कोन कोन, एखादं-दुसरं. बोलत कोन नाय."

"मी तुमच्यावर संशय घेत होतो."

"घ्या ना. मी पन घेतच होते." आणि डब्यातला सुकटीचा घास माझ्यापुढे धरून म्हणाल्या, "आता फिटंफाट. खा, आनि पोरीच्या घरी जाऊन या."

तनुजाचं घर गावठाणातल्या एका चाळीत, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने भिंतीला चिकटावं अशा गल्लीत. वडील तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी. आई तिथल्याच एका कारखान्यात पॅकिंगला. दोघं साताऱ्याकडचे. मी गेलो तेव्हा आई नुकतीच कामावरून आली होती. माझं बोलणं ऐकून म्हणाली, "आमच्याकडलंच हायसा की सर. बसा." मग काळजीने, "पोरीनं काय केलं का?"

"काही नाही. चाचणीला आली नव्हती, म्हणून आलो."

आईने तनुजाकडे बघितलं. "तू म्हनलीस सरांनीच सांगितलंय म्हणून."

"मी?" मी म्हणालो.

तनुजा कळशीवर झाकण ठेवत होती. दारापाशी पाण्याची पिंपं ओळीने भरलेली, प्रत्येकावर एकेक ताटली, माझ्या वर्गातल्या रांगेसारखी नीट. ती वळली. चेहऱ्यावर भीती नव्हती. मला वाटतं ती असती तर मला सोपं गेलं असतं.

"तुमीच सांगितलं ना, सर, गोष्टीत. ज्याला येत नाय त्यानं पान्याला जायचं. म्हणजे वर्ग चांगला दिसतो." ती थांबली. "मला वाचता येत नाय. मग मी पानी भरलं. वरच्या काकूचं पन भरलं."

आईने हातातली पिशवी खाली ठेवली. बाहेर कुणाच्या तरी कुकरची शिटी झाली.

मग तिने विचारलं, "आपला वर्ग पैला आला ना, सर?"

मी हो म्हणालो. ती हसली. खुश होऊन हसली. आपणही त्यात काही तरी केलं, अशा हिशेबाने.

बाकीच्या दोन गैरहजर मुलांपैकी एक खरंच गावाला गेला होता, त्याचे फोटो मी पाहिले. दुसऱ्याची आई म्हणाली ताप होता. असेल. मी तिच्याकडे पुन्हा पुन्हा बघत राहिलो आणि मग मलाच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी उरलेल्या प्रश्नपत्रिकांतली एक घेऊन मी तनुजाला माझ्यासमोर बसवलं. तिने नाव लिहिलं. चार बेरजा बरोबर सोडवल्या, कारण त्यात वाचायचं नव्हतं. पाण्याच्या टाकीवरचं गणित मी वाचून दाखवलं तर तिने तोंडी सांगितलं, माझ्याआधी. मी ते गुण घेऊन मोठ्या बाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, "निकाल गेला वर, सर. आता बदल नको. पहिले आलोय आपण." मी म्हटलं, "निकाल राहू दे. यादीत नाव घाला." बराच वेळ त्या पर्सच्या चेनशी चाळा करत होत्या. मग यादी काढली आणि तळाशी नाव लिहिलं. तो जादा तास म्हात्रे मॅडम घेतात. तनुजा तिथे जाऊन बसली, शून्याच्या पोराशेजारी.

मी मात्र तिथेच अडकून राहिलो होतो. गोष्ट माझी होती, पण मूळ कुणाचं? गुरुजींचंच ना? मग माझं सगळं शिक्षण उभं आहे ते एका चलाखीवर, जी मी नकळत पुढे चालवली. गुरुजींचा फोटो माझ्या कपाटाच्या दाराला आतून लावलेला आहे. डस्टर काढताना तो दिसायचा. त्या दिवसांत मी डस्टर टेबलावरच ठेवू लागलो.

थंडीत, शाळेला सुट्टी होती त्या दिवशी, मी सर्जेरावला भेटलो. तो आता न्हावा शेव्याला कंटेनरचा ट्रेलर चालवतो. गावाकडच्या लग्नात भेट व्हायची, पण इतक्या जवळ राहून मी कधी त्याच्याकडे गेलो नव्हतो. त्याचं मला कारण सांगता येत नाही, किंवा आता येतं. उलव्याच्या अलीकडे ट्रेलरांची रांग लागली होती. गेट उघडायची वाट बघत ड्रायव्हर लोक चाकांच्या सावलीत बसले होते. सर्जेरावने मला केबिनमध्ये चढवलं आणि थर्मासमधला चहा दिला.

मी त्याला सरळ विचारलं, "सर्जा, साहेब आले त्या दिवशी गुरुजींनी तुम्हा चौघांना मुद्दाम पाठवलं होतं ना रे?"

"गुर्जींनी?" तो म्हणाला. "गुर्जी टोपीला इस्त्री करत हुते की. घागर घेऊन तू आलतास. मॉनिटर तू. म्हनलास, सर्जा, चल ऊठ, तू, बाळ्या, पोपट आन् किसन्या."

"मी?"

"मग कोन? काठी तुज्याच हातात असायची." तो हसला. "आरं, वाईट कशाला वाटून घेतोस? मला बरं वाटलं तवा. साहेबानं उभं केलं असतं तर चड्डीतच झालं असतं."

पुढचा ट्रेलर हलला. सर्जेरावने गिअर टाकला, दोन गाड्यांएवढं अंतर पुढे गेला आणि पुन्हा बंद केला. मग काचेतून पुढे बघत म्हणाला, "एवढंच झालं की त्या दिसापास्नं पानी माज्याकडंच आलं. रोज. साहेब नसला तरी. मग कोन वाचाय बसवतंय?"

तो हे तक्रार म्हणून बोलला नाही. मला त्याच्या आवाजात तक्रार शोधूनही सापडली नाही. त्याचा मोबाइल वाजला. त्याने तो माझ्याकडे दिला, "बघ जरा, काय लिवलंय गेट नंबरचं?" मी वाचून दाखवलं.

तेव्हापासून मला माझ्याच आठवणीचा भरवसा वाटत नाही. इतकी वर्षं त्या गोष्टीत मी घडाघडा वाचणारा मुलगा होतो. घागर चौघांच्या हातात कुणी दिली, हा भाग माझ्याकडे नव्हताच. तो आपोआप गळून गेला की मी गाळला? आणि गळला तर नेमका तिथे गुरुजींचा हात कसा येऊन बसला? आता सर्जेरावचं खरं की माझं? त्याला माझ्यावर डूख धरायचं काही कारण नाही. मला मात्र विसरायला भरपूर कारण होतं.

तनुजा आता जोडाक्षरांपाशी अडखळते, पण वाचते. फेब्रुवारीत एकदा जिन्यावर लावलेली पाटी ती बोट ठेवून वाचत होती. 'पाणी जपून वापरा.' मी मागे उभा होतो. शेवटचा शब्द वाचून झाल्यावर ती पाटीला म्हणाली, "वापरते."

चाचणीच्या आदल्या दिवशी या वेळी मी ती गोष्ट सांगितली नाही. मुलांनी मागितली. "सर, पान्याची गोष्ट?" मी म्हटलं, तिचा शेवट मला अजून नीट माहीत नाही, कळला की सांगतो. संध्याकाळी मी गावठाणाच्या त्या गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभा राहिलो. आत गेलो नाही. दारात जाऊन उभं राहिलो तर ती माझ्या भीतीने येईल, आणि मग मी पुन्हा तेच केल्यासारखं होईल, असं वाटलं. परत फिरलो.

मे महिन्यात गावी जाईन. गुरुजी आता ऐंशीच्या पुढे आहेत. फोनवर त्यांना ऐकू येत नाही, पत्र मात्र मोठ्या अक्षरात लिहिलं तर स्वतः वाचतात. समोर बसून मला हे विचारता येणार नाही हे मला माहीत आहे. त्यांच्या पाया पडलो की माझे सगळे प्रश्न विरघळतात. म्हणून चाचणीच्या पहिल्या दिवशी, शाळा सुटल्यावर, रिकाम्या वर्गात बसून लिहिलं आणि पेटीत टाकलं.

तीर्थस्वरूप गुरुजींना सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे. आपली तब्येत कशी आहे? डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं असं आईने कळवलं.

एक विचारायचं आहे. मी चौथीत असताना साहेब तपासणीला आले होते. सर्जेराव, बाळू, पोपट आणि किसन त्या वेळी पाण्याला गेले होते. त्यांना तुम्ही पाठवलंत, असं मी आजपर्यंत सगळ्यांना सांगत आलो. माझ्या वर्गातल्या मुलांनाही सांगितलं. सर्जेराव म्हणतो, त्याला मी उठवलं. गुरुजी, तुम्ही मला फक्त 'चार जण पाण्याला धाड' एवढंच म्हणाला होतात का? नावं मी काढली का? की तुम्ही काहीच म्हणाला नव्हतात?

आणि अजून एक. साहेब आत आले तेव्हा ते चौघं जागेवर नाहीत हे तुमच्या लक्षात आलं असणार. तुम्ही वर्गावरून नजर फिरवलीत ते मला आठवतं, किंवा आठवतं असं वाटतं. मला असा संशय आहे की तुम्ही बघितलंत आणि गप्प राहिलात. त्या गप्प राहण्यावर मी शिकलो. हे विचारायला मला धीर होत नव्हता, पण तुम्हीच शिकवलंय की येत नसेल तर विचारावं.

उत्तर काहीही असलं तरी तुमचे उपकार कमी होत नाहीत. फक्त ते कुणाकुणाचे आहेत ते मला नीट लिहून ठेवायचं आहे. सर्जेरावला मेमध्ये बरोबर आणतो आहे. त्याला सुट्टी मिळाली आहे.

माझ्या वर्गात तनुजा नावाची मुलगी आहे. तुमची गोष्ट ऐकून ती दर चाचणीला घरी राहून पाणी भरायची. आज साडेदहा वाजले तरी तिची जागा रिकामी होती. पेपर वाटून झाले. मी हजेरी उघडली, पेन हातात घेतलं, आणि तिच्या नावापुढे काही लिहिलं नाही. थांबलो. दहा मिनिटांनी ती धावत आली. बाह्या कोपरापर्यंत ओल्या. म्हणाली, "सर, पानी उशिरा आलं. भरूनच आले."

पेपर तिने एकटीने वाचला. गुण फार पडणार नाहीत. आमचा वर्ग यंदा पहिला येणार नाही.

पट छत्तीस, उपस्थित छत्तीस. शाईने लिहिलं आहे.

आपला विद्यार्थी